ओटी भरली, ताटाचे काय?

गेल्या हिवाळ्यात वर्धा शहरातील एका सुस्थित, सुशिक्षित कुटुंबात डोहाळजेवणाचे निमंत्रण होते. सातवा महिना. दिवाणखान्यात फुलांनी सजविलेला झोपाळा, मागे चंद्रकोरीचा देखावा, होणाऱ्या मातेच्या अंगावर मोगऱ्याचे दागिने, हातात धनुष्यबाण. गाणी झाली, ओटी भरली, पेढा की बर्फी याचा खेळ झाला, छायाचित्रे निघाली. आलेल्या सुवासिनींच्या पंक्ती उठल्या आणि सर्वांत शेवटी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, जिच्यासाठी हा सारा सोहळा होता ती मुलगी पानावर बसली. तोवर तिची भूक मरून गेली होती. दोन घास मसालेभात आणि एक जिलेबी खाऊन ती उठली.

तिच्या मावशींनी हळूच सांगितले, “हिमोग्लोबिन साडेआठावर आले आहे हो.” मी विचारले, रोज खाते काय? सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी दोन पोळ्या व भाजी, रात्री भात आणि पातळ वरण. दूध मळमळते म्हणून बंद. डाळीने वात होतो म्हणून सासूबाईंनी ती कमी करायला सांगितलेली. स्वयंपाकघरातील फळीवर मात्र गर्भवतींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या भुकटीचा भला मोठा डबा दिमाखात उभा होता.

त्याच आठवड्यात देवळी तालुक्यातील एका गावी जाणे झाले. कापसाची वेचणी चालू होती. कमरेला ओटा बांधून कापूस वेचणाऱ्या बायांत सहाव्या महिन्यातील एक सून होती. बांधावर तिने शिदोरी सोडली. दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, थोडी वांग्याची भाजी. तिच्या घरी गेलो तेव्हा ओसरीवर सोयाबीनची पोती थप्पी लावून ठेवलेली दिसली. घरी सोयाबीन खात नाही का, असे विचारताच तिची सासू हसली. म्हणाली, “सोयाबीन खाचं थोडंच असते भाऊ, थे त विकाचं पीक हाय.”

एक घर शहरातले, दुसरे खेड्यातले. एकीकडे पैसा आहे, दुसरीकडे धान्य आहे. दोन्हीकडे गर्भात वाढणाऱ्या जीवाच्या वाट्याला जे यायला हवे, ते मात्र येत नाही. मातृत्वाचा गौरव करण्यात जगात आपला हात कोणी धरणार नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या गौरवाची परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती रोज दुपारी आणि रात्री, घरातील गर्भवतीच्या ताटात होते आणि त्या परीक्षेत आपण अनुत्तीर्ण होत आहोत.

हिशेब अवघड नाही

प्रथिने म्हणजे शरीराची वीट. गर्भाचे स्नायू, वार, आईचे वाढलेले रक्त, गर्भाशयाची वाढ, हे सारे त्यातूनच घडते. ज्या हिमोग्लोबिनची आपण एवढी काळजी करतो, तेही मुळात एक प्रथिनच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराची प्रमाणे नव्याने ठरविली. त्यानुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला एरवी दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गर्भारपणाच्या दुसऱ्या तिमाहीत त्यात साडेनऊ ग्रॅमची आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅमची भर घालावी लागते. म्हणजे सातव्या महिन्यापासून दिवसाला सुमारे ६८ ग्रॅम. हे प्रमाण चांगल्या प्रतीच्या प्रथिनांचे आहे. ज्यांचे जेवण मुख्यतः पोळी, भाकर व भात यांवर चालते, त्यांची गरज याहून जास्त.

आता आपले नेहमीचे ताट तपासू. दिवसभरात पाव किलो पिठाच्या पोळ्या वा भाकरी म्हटल्या तर २५ ग्रॅम प्रथिने. शंभर ग्रॅम तांदळाचे सात-आठ. पातळ वरणातून पोटात जाणारी डाळ वीस ग्रॅमच्या वर नसते, तिचे चार. चहातले दूध आणि भाजी मिळून आणखी चार-पाच. बेरीज ४२ च्या आसपास. ही बेरीज हवेतली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यात त्या मातांच्या पोटात दिवसाला जेमतेम ४५ ग्रॅम प्रथिने जात असल्याचे दिसले. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचे समजतात. म्हणजे सरासरी बाळ त्या सीमारेषेच्या अगदी काठावर उभे होते.

तूट सुमारे पंचवीस ग्रॅमची. ती भरून काढायला किती लागते? वरणातील डाळ वीस ग्रॅमवरून साठ ग्रॅमवर नेली, म्हणजे दोन्ही वेळा वाटीभर घट्ट वरण वाढले, तर आठ-नऊ ग्रॅम मिळतात. पावशेर दूध दोनदा घेतले तर पंधरा-सोळा. मूठभर शेंगदाणे वा फुटाणे खाल्ले तर सहा-सात. तूट भरून वर थोडे उरते. यात कोणते विदेशी औषध आहे? कोणते दुर्मिळ द्रव्य आहे? वर्ध्याच्या कोणत्याही किराणा दुकानात जे मिळत नाही, असे यात काय आहे?

प्रथिनांचा विचार सुटा करून चालत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. पोट अर्धे रिकामे असेल तर खाल्लेली प्रथिने शरीर सरपणासारखी जाळून टाकते, बांधकामाला ती उरतच नाहीत. उन्हात निंदण-वेचणी करणाऱ्या गर्भवतीला म्हणून आधी पोटभर अन्न आणि काही विश्रांती हवी. धान्यात जे घटक उणे असतात ते डाळीत असतात, डाळीत जे उणे ते धान्यात. वरण-भात, पोळी आणि डाळभाजी, खिचडी ही आपल्या आजीची जोडी शास्त्राच्या कसोटीला उतरते. राष्ट्रीय पोषण संस्थेने तर तीन भाग धान्य, एक भाग डाळ आणि अडीच भाग दूध असे प्रमाणच सांगितले आहे. आपल्या ताटात धान्याचे तीन भाग असतात. डाळीचा भाग अर्धाही नसतो आणि दूध चहाच्या कपाबाहेर क्वचितच येते.

वर्ध्याने हे नव्वद वर्षांपूर्वी सांगितले होते

हा विषय वर्ध्यात निघावा, यात एक खंत दडलेली आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. खेड्यातील माणसाने आपल्याच मातीत पिकणारे, स्वस्त आणि सकस अन्न कसे खावे, याचे प्रयोग तेथे चालत. १९३५ मध्ये मगनवाडीच्या पंक्तीत सोयाबीन शिजवून वाढले जात होते आणि गांधीजी ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहीत होते. गांधीजींच्या प्रत्येक मताशी सहमत असण्याची गरज नाही. पण विदर्भाच्या शिवारात सोयाबीनचे पीक पसरण्याच्या कितीतरी आधी त्याचा विचार वर्ध्यात ‘गरिबाच्या ताटातील अन्न’ म्हणून झाला होता, हे विसरता येणार नाही.

त्याच मगनवाडीत ज्यांनी ग्रामोद्योगाचे शास्त्र उभे केले, त्या जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात एक साधा आग्रह धरला. एखाद्या भागातील लाखभर वस्तीला संतुलित आहार मिळण्यासाठी किती धान्य, किती डाळ, किती तेलबिया लागतील याचा हिशेब आधी करावा आणि जमिनीची पीकयोजना त्यावरून ठरवावी. आधी गावाचे ताट, मग बाजार. यापेक्षा शुद्ध स्वदेशी विचार दुसरा कोणता?

आणि आज? ज्वारीचे शिवार आटले. पूर्वी पऱ्हाटीच्या ओळींत तुरीबरोबर मूग, उडीद घरापुरते तरी पेरले जात. आता कापूस, तूर आणि सोयाबीन, तेही विकण्यासाठी. सोयाबीन घरातून थेट बाजार समितीत, तेथून तेल गिरणीत जाते. तेल बाटलीत भरले जाते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात, काही जहाजाने परदेशात. गावात बैलघाणी होती तेव्हा तेल काढून उरलेली पेंड निदान गावातील गुरांच्या दावणीत पडे आणि दूध होऊन घरी परत येई. आता गावाच्या वाट्याला उरते ते कुटार.

शेतकऱ्याने नगदी पीक घेऊ नये, असे येथे कोणी म्हणत नाही. कर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य हे सारे त्याच पिकावर आहे. प्रश्न पोतीच्या पोती विकण्याचा नाही, त्यातील एक पोते घरात न ठेवण्याचा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. बाजारात पुष्कळदा तोही पदरात पडत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शेवटच्या तिमाहीत लागणारी वाढीव २२ ग्रॅम प्रथिने हमीभावाच्या सोयाबीनमध्ये मोजली तर त्यांची किंमत सव्वातीन रुपये होते. सारी भर सोयाबीनमधूनच घालावी असा याचा अर्थ नाही. आपण काय मातीमोल विकतो आणि त्याच्याच अभावी काय गमावतो, एवढे समजण्यासाठी हा आकडा पुरे.

सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात आणि ते उष्णतेने निष्प्रभ होतात. दाणे उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटे उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणले तर पोळीची चव बिघडत नाही आणि घरातील सर्वांनाच लाभ होतो. ज्या गावात सोयाबीनचे ढीग लागतात, त्या गावातील पिठाच्या गिरणीवर हा एक किलो कधी पोहोचतो का?

सनातन काय आणि रूढी काय?

दोष केवळ बाजाराचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. बाजाराला शिव्या देणे सोपे आहे. अवघड आहे ते आपल्या माजघराकडे पाहणे.

‘जास्त खाल्लेस तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अडेल’ हे वाक्य किती घरांत आजही ऐकू येते! पोटात अन्न आणि बाळ दोघांना जागा पुरणार नाही, ही समजूत शिकलेल्या घरांतूनही गेलेली नाही. डाळ वातूळ, तीळ उष्ण, शेंगदाणे पित्तकारक, दूध कफकारक, असे एकेक करीत गर्भवतीच्या ताटातील नेमके पौष्टिक पदार्थ बाहेर काढले जातात. त्यात हरितालिकेचा निर्जळी उपवास आणि नवरात्रातील नऊ दिवसांचा साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. धर्मशास्त्राने गर्भिणीला उपवासातून सवलत दिली आहे. ती सवलत नाकारणारी आपली शेजारीण शास्त्रकारांपेक्षा अधिक धार्मिक कधीपासून झाली?

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या वाचकांनी चरकसंहितेतील शारीरस्थानाचा आठवा अध्याय एकदा उघडून पाहावा. गर्भिणीच्या महिनावार पथ्यात पहिल्या महिन्यापासून दूध आहे. तिसऱ्या महिन्यात दुधाबरोबर मध व तूप, चौथ्यात दूध व लोणी, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप. ‘कमी खा, म्हणजे सुटशील’ असा उपदेश तेथे नाही. सुश्रुताने तर गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आणि तिची इच्छा अव्हेरली तर गर्भाला अपाय होतो असे बजावले. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्या ‘दौहृद’ कल्पनेतूनच आला. डोहाळजेवण म्हणजे त्या दोन हृदयांच्या स्त्रीला हवे ते, हवे तितके जेवू घालण्याचा संस्कार. त्यातील ‘डोहाळे’ आपण झोपाळ्यावर बसविले आणि ‘जेवण’ मागच्या पंक्तीला ढकलले.

सर्वांचे झाल्यावर जेवायचे, उरलेले शिळे आपण संपवायचे, ही आपल्या स्त्रियांची सवय आपण त्याग म्हणून गौरविली. एरवीही ती योग्य नाही, पण गर्भारपणात ती सरळ सरळ अन्याय आहे. कारण तेव्हा उपाशी राहणारी एकटी नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाच्या निघाल्या. रक्तक्षयाला लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ जीवनसत्त्व अशी अनेक कारणे आहेत आणि लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण ज्या ताटात डाळ, दूध, पालेभाजी नाही, त्या ताटात हे बाकीचे तरी कोठून येणार? प्रगत म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला हे आकडे शोभतात काय?

डब्यातील मातृत्व

माजघरातील या अपराधाची बाजाराला चांगलीच जाण आहे. जे आपण वाटीने वाढले नाही, ते तो डब्यात भरून विकतो. जाहिरातीतील हसरी माता, चॉकलेटचा स्वाद, ‘तुमच्या बाळाच्या बुद्धीसाठी’ हे आश्वासन, आणि शेकड्यांत किंमत. घट्ट वरणाला महाग म्हणणारे घर हा डबा बिनतक्रार आणते. कारण वरण वाढायला रोज लक्ष द्यावे लागते, डबा आणला की कर्तव्य संपते.

शास्त्र या भुकटीच्या मागे उभे आहे, हाही समज खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गर्भवतींच्या तपासणी व देखभालीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. कुपोषण असलेल्या समाजात ऊर्जा आणि प्रथिने यांचा समतोल असलेला पूरक आहार द्यावा, असे त्यात म्हटले आहे. केवळ प्रथिनांचा भडिमार करणारी पूरके देऊ नयेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. एखाद्या मातेला उलट्या, आजार वा अन्य कारणाने डॉक्टरांनी असे काही लिहून दिले असेल तर ते अवश्य घ्यावे. पण औषधांच्या दुकानातील विक्रेत्याने वा दूरचित्रवाणीने दिलेला सल्ला म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे.

मुंबईतील वस्त्यांत २००६ पासून काही वर्षे चाललेल्या ‘सरस’ प्रकल्पात स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला एक खाद्यपदार्थ रोज देण्यात आला. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण त्यामुळे जवळपास निम्म्यावर आले. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा पदार्थ खाल्ला, त्यांच्या बाळांच्या जन्मवजनातही सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासातही दूध, पालेभाज्या आणि फळे खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरलेली होती. बोध सरळ आहे. खरे अन्न हवे, आणि त्याची सुरुवात सातव्या महिन्यातील ओटीभरणाच्या कितीतरी आधी, सून घरात येते त्या दिवसापासून व्हायला हवी.

अंगणवाडीचा पुडा

शासनाचे काय? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला अंगणवाडीतून रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा आहार हा हक्क म्हणून दिला. शेवटच्या तिमाहीतील वाढीव गरज २२ ग्रॅमची, म्हणजे हा हक्क खरोखर तिच्या पोटात उतरला तर तूट बव्हंशी भरून निघेल. पण कोरड्या मिश्रणाचा पुडा घरी गेला की तो घरातल्या सर्वांचा होतो. कधी चवीअभावी तो गुरांच्या दावणीत जातो, ही तक्रार राज्यात वर्षानुवर्षे ऐकू येते.

हा पुडा बनवायचा कोणी? सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, असे बजावले. तरीही बड्या पुरवठादारांना सोयीच्या अटींच्या निविदा निघत राहिल्या. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राची २०१६ ची निविदा रद्द करावी लागली. न्यायालयात गेला होता तो महिलांचा एक बचत गट. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, मातेच्या घासात ठेकेदाराचा वाटा असू नये, हे आपण आपल्या माणसांनाही खडसावून सांगितले पाहिजे. सत्तेवर आपले कोण आहे, हे पाहून बोलायचे की नाही ठरवणारी राष्ट्रनिष्ठा काय कामाची?

आदिवासी भागासाठी राज्याने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना आणली. शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत गर्भवतीला गरम, ताजे, पूर्ण जेवण अंगणवाडीत बसवून वाढायचे, ही तिची मूळ कल्पना. पुडा वाटण्यापेक्षा ती कितीतरी शहाणपणाची आहे. ही योजना अनुसूचित क्षेत्रासाठी आखली गेली आणि वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून काय देवळी-समुद्रपूरच्या शेतमजूर भगिनीची भूक निराळी आहे?

अंड्यावरून आपल्याकडे नेहमी रण माजते, त्याविषयी दोन शब्द. ज्या घरात अंडे वर्ज्य आहे तेथे ते लादू नये. पण ज्या घरात ते खाल्ले जाते, तेथील गर्भवतीच्या ताटातून ते काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गर्भिणीच्या आहारात सुश्रुताने जांगल मांसही सांगितले आहे. अंडे नको म्हणणाऱ्याने त्या जागी पेलाभर दूध आणि वाटीभर डाळ आधी आणून ठेवावी. हात रिकामा ठेवून दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखविणे हा धर्म नव्हे.

गोमाता आणि गर्भवती माता

वर्धा जिल्ह्याला गायीविषयी सांगण्याचे धाडस कोणी करू नये. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील पांढरीशुभ्र गवळाऊ गाय ही या मातीची ओळख. जमनालालजी बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९४१ मध्ये, गोसेवा संघाचे काम शिरावर घेतले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी देह ठेवेपर्यंत त्याचाच ध्यास घेतला. वर्ध्याचे गोरस भांडार आजही सर्वांना ठाऊक आहे.

त्या जिल्ह्यातील गोठा असलेल्या घरांत आज काय दिसते? सकाळचे दूध केंद्रावर जाते, संध्याकाळचेही जाते. चहापुरते मागे राहते. दुधाचा पैसा घराला हवा, हे मान्य. पण सहा-सात लिटर दुधातील अर्धा लिटर सुनेसाठी राखून ठेवायला हात का आखडतो? गोमातेचा जयजयकार करणाऱ्या घरात गर्भवती मातेचा पेला कोरडा असेल, तर त्या जयघोषाला गायही हसेल.

आपण काय करू शकतो?

१९६९ मध्ये सेवाग्रामला देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सल्ला द्यायला डॉक्टर आहेत, अंगणवाडी सेविका आहे, आशा ताई आहे. पण या तिघांपैकी कोणीही रात्री आपल्या स्वयंपाकघरात येऊन वाढू शकत नाही. ते काम घरच्यांचेच, आणि घरच्यांत पुरुषही आले.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती. आपापल्या वस्तीत, गावात गर्भवती भगिनी किती आहेत याची माहिती सेविकेकडून घ्या. अंगणवाडीचा पुडा वेळेवर येतो का, कसा येतो, हे महिन्यातून एकदा पाहा आणि न आल्यास लेखी तक्रार करा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे पाच हजार रुपये कोणाचे अडले असतील तर कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर जा. आणि ते पैसे मिळाल्यावर घरच्यांना समजावा की हे तिच्या दूध-डाळीचे आहेत. बियाणे-खताच्या उधारीत ते वळवायचे नाहीत. शेतकरी कार्यकर्त्याने यंदा घरापुरते मूग, उडीद, हरभरा पेरावेत आणि तुरीचे एक पोते विक्रीतून वगळावे. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी सुनेच्या ताटात आधी पडावी.

आणि गृहिणींना, विशेषतः सासूबाईंना, हात जोडून सांगणे आहे. वरण दाट करा. डाळभाजीत पाणी कमी आणि डाळ जास्त घाला. जवसाची, तिळाची, दाण्याची चटणी रोज पानात असू द्या. दूध नुसते सोसत नसेल तर दही द्या, ताक द्या, खीर करा. सुनेला आपल्याबरोबर, आपल्या आधी जेवायला बसवा. उपवासाला तिनेच आग्रह धरला तर तिला थांबविणारी पहिली व्यक्ती तुम्ही व्हा. ज्या सासूने हे केले, तिने नातवाला जन्माआधीच आशीर्वाद दिला असे मी समजेन.

डोहाळजेवण जरूर करावे. फुलांचे दागिने घालावे, गाणी म्हणावीत. पण त्या दिवशी पहिले पान तिचे वाढावे. घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः तिच्या पानात वरणाची वाटी आणि दुधाचा पेला ठेवावा आणि ती जेवून उठेपर्यंत दुसरी पंगत बसू नये. दुसऱ्या दिवशी, फुले कोमेजल्यावरही, ती वाटी आणि तो पेला तेथेच असावा. येणारी पिढी समर्थ हवी, असे आपण रोज म्हणतो. ती पिढी आत्ता, या क्षणी, कोणाच्या तरी उदरात आहे आणि तिला भूक लागली आहे.